कोल्हापूरच्या तालमींना खुलं पत्र: कुस्तीच्या हौद्याशेजारी बीपीचं मशीन ठेवा

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व तालीम संस्था आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष, वस्ताद, खजिनदार आणि कट्ट्यावर रोज बसणारी ज्येष्ठ मंडळी

स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या वर्गणीची पुस्तकं छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्या बैठकीत वाचलं जावं, अशी विनंती. शेवटी पैशाची मागणी आहे. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे ती चिल्लर आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लोकांचं आयुष्य वाढवण्याच्या विषयावर पत्रं सहसा महापालिकेला किंवा आरोग्य खात्याला लिहितात. आम्ही मुद्दाम तालमींना लिहितोय. एखाद्या वस्तीतली माणसं किती वर्षं जगतात याचा बराचसा निकाल दवाखान्याबाहेर लागतो, आणि दवाखान्याबाहेरच्या कोल्हापुरात तुमच्याइतकी पोच कुणाचीच नाही. पुराचं पाणी चढलं की पहिली माणसं तुमची. गल्लीत कुणी गेलं की तिरडीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत धावपळ तुमची. होळीला पंचगंगा स्मशानभूमीला शेणी देणारेही तुम्हीच. माणूस तिथवर उशिरा पोचावा यासाठी तालमीला काय करता येईल, ते लिहितो.

चौकात श्रद्धांजलीचं डिजिटल लागलं की त्यावर जन्म आणि मृत्यूची तारीख असते. जाता-येता वजाबाकी करून बघा. 84 येईल, 79 येईल, आणि मध्येच 52, 47, 58 येईल. शहराचं आयुर्मान, म्हणजे जगण्याची सरासरी वर्षं, खाली धरून ठेवतात ते हे दुसऱ्या प्रकारचे फलक. शंभरी गाठलेल्या आजोबांचा सत्कार जरूर करा, शाल-श्रीफळ द्या; पण एका शंभरीने सरासरी हलत नाही. पन्नाशीत जाणारे कमी झाले की हलते.

हा आकडा काढतात कसा, ते थोडक्यात. प्रत्येक वयाच्या माणसांत वर्षभरात किती मृत्यू झाले त्याचं प्रमाण घेतात आणि एक लाख काल्पनिक बाळांना त्या प्रमाणांतून शेवटपर्यंत चालवतात. सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं भागिले एक लाख, म्हणजे जन्मवेळचं आयुर्मान. 2016-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत ते देशासाठी 70.0 वर्षं आलं, पुरुष 68.6, स्त्रिया 71.4. याचा अर्थ सत्तरीला टेकलेल्याची मुदत संपली असा अजिबात नाही. आपल्याकडे साठी गाठलेल्याच्या वाट्याला सरासरीने आणखी 18 वर्षांच्या आसपास येतात, कारण आधीचे धोके तो ओलांडून आलेला असतो.

कट्ट्यावरचा नेहमीचा वाद म्हणजे पूर्वीची माणसं साजूक तूप खाऊन शंभर वर्षं जगायची. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानचं आयुर्मान विशीच्या आसपास होतं. म्हणून तेव्हा विशीत केस पिकत होते असंही नाही. दहा जण घ्या. दोघं पहिल्या वाढदिवसाला गेले आणि आठ जण सत्तर वर्षं जगले, तर सरासरी 56 येते, आणि छप्पन्नाव्या वर्षी त्यातलं कुणीच गेलेलं नसतं. प्लेग, पटकी, देवी, 1918 चा इन्फ्लुएंझा आणि अडलेली बाळंतपणं यांनी ती सरासरी खाली ओढली होती. ज्यांनी खासबाग कुस्ती मैदान दिलं ते शाहू महाराजसुद्धा 1922 साली वयाच्या 47 व्या वर्षी गेले. जी थोडी माणसं म्हातारी झाली तेवढीच घरोघरी आठवणीत राहिली, बाकीच्यांची नावंही उरली नाहीत.

बाळं वाचवण्याचं काम महाराष्ट्रात बरंच पुढे गेलं आहे. 2020 साली राज्यात हजार जन्मांमागे 16 बालकं वर्षाच्या आत दगावली. उद्या हा आकडा शून्य झाला, आणि तो व्हायलाच हवा, तरी आयुर्मानात भर पडेल ती सव्वा वर्षापेक्षाही कमी: त्या 16 जणांना प्रत्येकी 72-73 वर्षं द्या आणि बेरजेला हजाराने भागा. पुढची वर्षं मिळायची ती मधल्या वयातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार तिशीतल्या शंभर भारतीयांपैकी सुमारे 22 जण सत्तरीच्या आत हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह आणि फुफ्फुसाचे जुनाट विकार एवढ्याच कारणांनी जातात. जपानमध्ये हेच प्रमाण 8 च्या आसपास आहे.

‘आमच्या घराण्यातच दीर्घायुष्य आहे’ हे ज्यांना सांगायचंय त्यांनी सांगावं. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांत आयुष्याच्या लांबीतल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा वंशावर गेला, बाकीचा नाही. जपानी पुरुषांचं आयुर्मान 1947 साली 50 होतं, आज 81 आहे. दोन-तीन पिढ्यांत रक्त बदलत नाही. तिथे आधी क्षयरोग आटोक्यात आला, 1961 पासून सगळ्यांना आरोग्य विमा मिळाला, आणि नंतर गावोगाव रक्तदाब मोजून, ताटातलं मीठ कमी करून पक्षाघाताचे मृत्यू खाली आणले गेले. उलटी दिशाही दिसते. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियन पुरुषांचं आयुर्मान 64 च्या आसपासवरून 1994 पर्यंत 58 च्या खाली घसरलं, आणि त्यात दारूचा वाटा मोठा होता. नुसत्या पैशानेही भागत नाही. आरोग्यावर जगात सर्वांत जास्त खर्च करणारी अमेरिका आयुर्मानात जपानच्या कितीतरी मागे आहे.

तुमच्या कामाचं उदाहरण मात्र फिनलंडचं आहे. त्या देशाच्या पूर्वेला नॉर्थ कारेलिया नावाचा जिल्हा आहे. जंगलात लाकूड तोडणारी, शेती करणारी, अंगाने दणकट माणसं. आणि त्यांच्यातले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हार्ट अटॅकने जात. तिथल्या लोकांनी स्वतः सरकारकडे मागणी लावून धरली आणि 1972 साली काम सुरू झालं. मोठं हॉस्पिटल बांधून ते झालेलं नाही. गृहिणींच्या संघटनांनी जुन्याच पाककृती कमी लोण्यात आणि कमी मिठात करून गावजेवणं घातली. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला लावलं. गावागावांत सिगारेट सोडण्याच्या पैजा लागल्या. परिचारिकांनी रक्तदाबाची नोंदवही ठेवली आणि न येणाऱ्याला घरी जाऊन गाठलं. साधारण साडेतीन दशकांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. पैजा, गावजेवण आणि घरी जाऊन गाठणं, यातलं तालमीला न जमणारं काय आहे?

आता रक्तदाब. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विम्याचं गणित करणाऱ्या इंग्रजाने 1825 साली दाखवून दिलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांत ती मुदत साधारण आठ वर्षांची आहे. चाळिशीच्या मानाने 48 ला दुप्पट, 56 ला चौपट, 64 ला आठपट. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, 40 ते 69 या वयात रक्तदाबाचा वरचा आकडा 20 ने जास्त असला तर पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट आढळला. दोन्ही जोडून ढोबळ हिशेब केला, तर 120 ऐवजी 140 घेऊन फिरणाऱ्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आठ वर्षं पुढे गेलेल्या असतात. 160 वाल्याच्या सोळा वर्षं. आणि बहुतेकांना काही म्हणजे काही जाणवत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालात उच्च रक्तदाब असलेल्या शंभर भारतीयांपैकी सुमारे 37 जणांनाच तो माहीत आहे आणि जेमतेम 15 जणांचा आटोक्यात आहे.

‘पैलवान गड्याला कसला आलाय बीपी’ हे वाक्य तर कोल्हापुरात विकायला काढलं तरी संपणार नाही इतकं आहे. कुस्ती सुटते, पण खुराक सुटत नाही. पंचविशीत हजार बैठका मारणारा माणूस पन्नाशीत बुलेटवर फिरतो आणि ताट तेच राहतं. त्याच्या दंडाचा घेर बघून कुणी मशीन लावायला जात नाही, आणि लावलं तर चुकीचं लावतात. ते कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक शिबिरं इथेच वाया जातात.

मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं घेऊ नका. त्याच्यासोबत येणारा पट्टा, म्हणजे कफ, साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पैलवानाचा किंवा वजनदार माणसाचा दंड सहज 35-38 भरतो. त्यावर लहान कफ ओढून-ताणून बांधला की आकडा खोटाच वाढतो, कधी 5 ने तर कधी 20 ने. मग ज्याला काही झालेलं नाही तो घाबरतो, किंवा दोनदा असं झालं की ‘तालमीचं मशीन बोगस आहे’ म्हणून ते कपाटात जातं. म्हणून 32 ते 42 चा मोठा कफ पहिल्याच दिवशी वेगळा घ्या आणि शिंप्याची टेप मशीनच्या पिशवीतच ठेवा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजायचा आणि मग कफ निवडायचा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, जोर-बैठका काही नको. लघवीला जाऊन यायचं. तुंबलेल्या लघवीनेही आकडा वर जातो. पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं. तळपाय जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवायचा की कफ छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात खाली लोंबकळत राहिला तर आकडा जास्त येतो. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या खड्ड्याच्या दोन बोटं वर, आणि आत दोन बोटं जातील इतपत घट्ट. बाही गुंडाळून वर चढवली की तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा शर्टातून हात काढावा. मशीन चालू असताना बोलायचं नाही, आणि कोल्हापूरकराला हीच पायरी सर्वांत जड जाते. नुसत्या गप्पांनी दहा-एक अंकांचा फरक पडतो. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी लिहायची. दोन्हींत 10 पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम धरायचा. नाडी एकसारखी नसेल तर मशीन चुकतं किंवा वेगळी खूण दाखवतं. अशा माणसाला हृदयाचा आलेख काढायला पाठवा, कारण नाडी अनियमित असणं हेसुद्धा पक्षाघाताचं मोठं कारण आहे.

दोन वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर आलं तर डॉक्टरकडे. वरचा 180 किंवा खालचा 110 आला तर पाच मिनिटांनी परत मोजा; तसाच राहिला तर त्याच दिवशी. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, दिसेनासं होत असेल, हातपाय जड पडला असेल, तर त्याच क्षणी गाडी काढा. तालमीने निदान करू नये आणि गोळ्या तर मुळीच वाटू नयेत. ‘मला ही लागू पडली, तू पण घे’ हा प्रकार कट्ट्यावर चालतो, तो बंद व्हायला हवा.

गोळीबद्दल एवढंच. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बहुतेकांची सुरुवात अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन यांपैकी एकीने होते, आणि अर्ध्याअधिकांना पुढे दोन लागतात. आकडा 128 आला म्हणून गोळी बंद करणारे चुका करणाऱ्यांच्या आमच्या यादीत पहिल्या नंबरावर. तो 128 गोळीमुळेच आलेला असतो. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. गोळी सोडायच्या आधी डॉक्टरला सांगितलं तर बदलून मिळते. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ म्हणून टाळणारा माणूस तंबाखूची पुडी मात्र खिशात घेऊन फिरतो, याला काय म्हणावं.

मिठाचं माप सोपं आहे. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा 50 दिवस पुरला पाहिजे. आणि त्याबाहेर पापड, लोणचं, फरसाण, खारी, मिसळीवरचा कट हे सगळं असतंच, म्हणजे खरं तर दोन महिने पुरायला हवा. तुमच्या घरी किती दिवसांत संपतो ते पुड्यावर तारीख टाकून बघा. चीनमध्ये 600 खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या रक्तदाबाच्या 20 हजारांवर लोकांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू 12 टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. तांबड्या रश्श्याला आमचा विरोध नाही. महाप्रसादाच्या आचाऱ्याला मीठ एक चतुर्थांश कमी टाकायला सांगा आणि कुणाच्या लक्षात येतं का बघा.

तंबाखूवर भाषण करत नाही. फक्त हिशेब. भारतातल्या पाहणीत विडी ओढणारे पुरुष सरासरी 6 वर्षं आणि सिगारेट ओढणारे 10 वर्षं आधी जातात असं दिसलं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदींत तिशीत सिगारेट सोडणाऱ्याने ती दहाही वर्षं जवळजवळ परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्याने 9, पन्नाशीत 6, आणि साठीतही 3. मावा आणि तंबाखू-चुन्याचा मुख्य घाव तोंडाच्या कर्करोगाचा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तीन बोटं उभी जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड दिसलं की दाखवायला पाठवा. घरातल्या बायकांच्या मिसरीतही तोच तंबाखू असतो.

पायांचं बोलू, हा तर तुमचाच प्रांत. तिशीनंतर स्नायू दर दशकाला काही टक्क्यांनी घटत जातात, साठीनंतर वेग वाढतो, आणि आकारापेक्षा ताकद लवकर जाते. उठता-बसता टेकू लागतो, मग मोरीत पाय घसरतो, मग खुब्याचं हाड. तिथून पुष्कळ जण परत पूर्वीसारखे चालत नाहीत. यासाठी तीन मोजमापं तालमीत पाच मिनिटांत होतात. बिनहाताची, साधारण 43 सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत, असा आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी 2019 साली ठरवलेला निकष आहे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा: पुरुषांत 34 आणि बायकांत 33 सेंटिमीटरच्या खाली आला तर शंका घ्यावी. मुठीची पकड मोजायचं यंत्र मिळालं तर पुरुषांत 28 आणि बायकांत 18 किलो या खालच्या मर्यादा. (पकडीवरून मृत्यूचा अंदाज बांधता येतो असं 17 देशांतल्या अभ्यासात दिसलं, पण म्हणून स्प्रिंगचा हँडग्रिप दाबत बसल्याने आयुष्य वाढत नाही. पकड ही एकूण शरीराच्या ताकदीची खूण आहे.)

रंकाळ्याला फेरी मारणं हृदयाला चांगलं, पण तेवढ्याने मांड्यांची ताकद टिकत नाही. त्याला भार लागतो. नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून अमेरिकेत आठ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम करून घेतला, तर पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हे 1990 सालचं काम आहे. तुमच्याकडे त्यासाठी काहीच विकत आणावं लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून उठबस 8 ते 10 वेळा, असे तीन सेट; भिंतीवर हात टेकून जोर; टाचा उचलणं; आणि भिंतीजवळ एका पायावर दहा-दहा सेकंद उभं राहणं. दहा उठबशी सहज जमू लागल्या की दोन किलो वाळूची पिशवी छातीशी धरायची. बहुतेक ज्येष्ठांचे व्यायामवर्ग इथेच फसतात. भार कधी वाढतच नाही, टाळ्या वाजवून लोक घरी जातात. दुसरी चूक उलट्या टोकाची: वस्तादाच्या डोळ्यांसमोर पूर्ण खोल बैठक असते आणि झिजलेल्या गुडघ्याला ती सोसत नाही. अर्धी बैठक पुरे. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा; कोंडला की रक्तदाब उसळतो. 180 च्या वर असलेल्याला आधी उपचार, मग व्यायाम. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने पहाटे उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

खाण्यात म्हाताऱ्यांची अडचण तरुणांच्या उलट असते, प्रथिनं कमी पडतात. मूत्रपिंड ठीक असेल तर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 72. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्यांत 10-12, वाटीभर घट्ट आमटीत 5-6, एका अंड्यात 6, पेलाभर म्हशीच्या दुधात 9-10, मूठभर शेंगदाण्यांत 7. रात्री चहात बुडवलेली खारी खाऊन झोपणाऱ्या आजीचा हिशेब यावरून लागेल. कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल लिहिलं तर शिव्या बसतील, तरी लिहितो: न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय पसरतो, आणि उकळल्याने त्यातलं प्रथिन कुठेही जात नाही.

तरुण पोरांसाठी एकच गोष्ट, आणि ती वस्तादांनीच सांगितली तर ऐकली जाईल. ताकदीची म्हणून जी इंजेक्शनं हातोहात फिरतात त्यांत पुष्कळदा मेफेंटरमिन असतं. भूल देताना पेशंटचा रक्तदाब पडला तर तो वर चढवायला वापरायचं हे औषध. धडधाकट पोराने ते टोचून घेऊन हौद्यात उतरणं म्हणजे हृदयाला चाबूक मारणं आहे. स्टेरॉइडने हृदयाचा स्नायू जाड आणि दुबळा होतो, रक्तातली चांगली चरबी घटते. विशी-तिशीतल्या अचानक मृत्यूनंतर लोक भलत्याच गोष्टींना दोष देतात, पोरगा असलं काही टोचून घेत होता का, हे कुणी विचारत नाही.

‘अंगावरून वारं गेलं’ की काय करायचं, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवं. तोंड वाकडं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी पक्षाघात समजा. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून ‘शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता’ ती वेळ चिठ्ठीवर लिहा आणि चोवीस तास सीटी असलेल्या दवाखान्यातच न्या. गल्लीतल्या डॉक्टरकडे आधी, मग तेल मालीश, मग ‘सकाळी बघू’, यात ते साडेचार तास निघून जातात. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नका, घशात अडकतं. रक्तदाब झटकन उतरवण्याची गोळी जिभेखाली ठेवणंही घातक.

आणि गल्लीतलं कुणी गेलंच, तर तुम्ही दाखल्यासाठी धावता, तेव्हा दोन गोष्टी बघा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत होते, हे तुम्हाला माहीतच आहे. सोबत कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र असतं: दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना 4, घरच्या मृत्यूला नमुना 4-अ. देशात 2020 साली नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्क्यांना असं कारण मिळालं. मिळतं तेव्हाही पुष्कळदा ‘हृदय व श्वसन बंद पडले’ एवढंच असतं. ते तर प्रत्येकाचंच पडतं. पहिल्या ओळीत लगेचचं कारण, त्याखाली ते कशामुळे, आणि सर्वांत खाली मूळ आजार, असा तो कागद आहे. मेंदूत रक्तस्राव, तो उच्च रक्तदाबामुळे, इतकं लिहून घ्या. डॉक्टरांना जुनी फाइल दाखवली तर ते लिहितात. दुसरी गोष्ट वयाची. आपल्या जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं भरमसाट आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. अंदाजे वय 60, 65, 70 असं गोल होतं. जपानसारख्या देशातही 2010 साली तपासणी झाली तेव्हा कुटुंबनोंदींत शंभरीपुढचे 2 लाख 34 हजार जण ठावठिकाणा नसलेले निघाले. तेव्हा कागद नसलेल्या आजींना वय विचारू नका. कोल्हापूर संस्थान विलीन झालं (1 मार्च 1949) तेव्हा शाळेत जात होतात का, कोयनेच्या भूकंपाला (11 डिसेंबर 1967) पहिलं मूल झालं होतं का, असं विचारा. दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय निघतं.

मागणी अशी. दंडावरचं डिजिटल मशीन, मोठा कफ, टेप, पाठ टेकायची एक खुर्ची, एक बिनहाताची खुर्ची आणि शंभर पानी नोंदवही. सगळं मिळून पाच-सहा हजारांच्या आत बसतं. मशीनच्या बॅटऱ्या उतरल्या की ते चुकतं, नळीला चीर गेली की हवा धरत नाही. वर्षातून एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून घ्या. वहीत नाव, जन्मतारीख, मोबाइल, दंडाचा घेर आणि कफ, तारीख, दोन्ही रीडिंग, गोळी चालू आहे का, आणि पुढच्या वेळी कधी, एवढे रकाने. शेवटच्या रकान्यातली तारीख उलटून गेली की दोन कार्यकर्त्यांनी त्या घरी जायचं. वही कुलपात ठेवायची. कुणाचा आकडा किती, हा कट्ट्यावरचा विषय नाही.

तालमीत बायका येत नाहीत, आणि आपल्याकडची निम्मी कमजोर हाडं आणि न मोजलेले रक्तदाब त्यांचे आहेत. म्हणून आठवड्यातला एक दिवस मशीन बचत गटाच्या बैठकीला जावं आणि तिथे मोजणारी बाईच असावी. तिलाही तुमच्याच खर्चातून तयार करा. प्रत्येक तालमीने दोन पुरुष आणि एक बाई अशी तीन नावं कळवली की आम्ही सकाळी सहाच्या सुमाराला, जोर-बैठका सुरू होण्याआधी येऊन शिकवू. मोठ्या दंडाचा एक पैलवान मात्र तुमच्याकडून हजर ठेवा.

आपले,
सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांत काम करणारे काही कोल्हापूरकर